जवळचे नातेवाईक कोण? कागदावर आणि घरात ठरवायची पद्धत

मामाला दवाखान्यात दाखल केलं त्या रात्री खिडकीतल्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘भाची’ लिहिलं. तिने वाचलं, मान वर केली आणि विचारलं, “जवळचं कुणी नाही का?” मामा अठरा वर्षं आमच्याकडे राहत होता. त्याच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात, रात्री भाकरीबरोबर त्याला काय लागतं, हे सगळं मला पाठ होतं. जवळचं कुणी म्हणजे मीच, असं म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटला नाही.

नवव्या दिवशी मामा गेला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. सूतगिरणीतल्या नोकरीत साठवलेली त्याची ठेव बँकेत होती. नॉमिनी म्हणून माझ्या आईचं नाव होतं आणि आई त्याच्या चार वर्षं आधी गेली होती. नाव बदलायचं राहून गेलं. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस ठरला त्याचा धाकटा भाऊ. त्याच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं. त्यात बँकेची चूक नव्हती, धाकट्या मामानेही काही लबाडी केली नाही. कायदा तसाच आहे. मामा बसल्या बसल्या कितीदा म्हणायचा, “हे सगळं पोरींचं.” त्या बोलण्याचा एक शब्द कागदावर नव्हता.

तेव्हापासून मी आमच्या घरासाठी एक कागद तयार ठेवते आणि ओळखीतल्या कुणी मागितलं तर त्यांच्याबरोबर बसून त्यांचाही करून देते. तो कसा करायचा, ते इथे सविस्तर लिहिते आहे. एक रविवार पुरतो. घरातलं एक म्हातारं माणूस शेजारी असेल तर फारच बरं.

पहिली पायरी: जवळचे, पण कशासाठी?

सगळा गोंधळ इथेच होतो. आपण ‘जवळचे’ हा एकच शब्द सुतकाला वापरतो, लग्नाच्या याद्यांना वापरतो, वारसाला वापरतो आणि दवाखान्यातही वापरतो. यातल्या प्रत्येक कामाचं वर्तुळ वेगळं आहे, आणि एका वर्तुळातला माणूस दुसऱ्यात असेलच असं नाही.

आयकराचं उदाहरण घ्या. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर लागत नाही. इतरांकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांच्या वर भेट आली, तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. आता या कायद्याचे ‘नातेवाईक’ कोण? नवरा-बायको, आपली भावंडं, जोडीदाराची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, आपल्या आणि जोडीदाराच्या सरळ वरच्या व खालच्या पिढ्या, आणि या सगळ्यांचे जोडीदार. म्हणजे साडू यात बसतो. एकाच वाड्यात, एकाच ताटात जेवून वाढलेला चुलतभाऊ बसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मामाने भाचीला दोन लाख दिले तर कर नाही, कारण तो तिच्या आईचा भाऊ. पण भाचीने मामाला दोन लाख दिले तर मामाच्या यादीत बहिणीची मुलगी येत नाही, म्हणून ती रक्कम मामाच्या उत्पन्नात धरली जाते. काका-पुतण्या, आत्या-भाचा, मावशी-भाची, सगळीकडे हेच. नातं दोघांचं एकच असलं तरी कायदा ते घेणाऱ्याच्या बाजूने मोजतो. लग्नात मिळालेल्या भेटी मात्र कुणीही दिलेल्या असोत, करमुक्त आहेत.

नात्याच्या शब्दावर सगळं राज्य कसं अडून बसतं तेही आपण पाहिलं आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ‘सगेसोयरे’ कुणाला म्हणायचं हा वादाचा मुद्दा झाला आणि 26 जानेवारी 2024 रोजी सरकारने त्या शब्दाची व्याख्या करणारी मसुदा अधिसूचना काढली. लग्नपत्रिकेत सहज छापला जाणारा शब्द. त्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागल्या.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नावं लिहूच नका. कामं लिहा: वारस, नॉमिनी, दवाखाना, दानपत्र, जातपडताळणी, मुलांचं पालकत्व, सुतक, पहिले फोन. तुमच्या घराला लागू नसेल ते खोडा.

दुसरी पायरी: वंशावळ मांडा

मोठा कागद घ्या. कॅलेंडरची मागची बाजू मला सगळ्यात सोयीची वाटते. मध्ये स्वतःला ठेवा. वर आई-वडील, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, जमलं तर पणजोबा. खाली मुलं, नातवंडं. मग आडव्या रेषेत भावंडं. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात: कागदपत्रांवरचं पूर्ण नाव, जन्मसाल, हयात नसेल तर मृत्यूचं साल, आणि लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव. मृत्यूचं साल अंदाजाने टाकू नका. कोण आधी गेलं आणि कोण नंतर, यावर वारसांचा हिस्सा ठरतो.

फक्त वडिलांकडची बाजू काढायची आपल्याकडे जुनी सवय. भावकी तोंडपाठ असते आणि आईच्या माहेरची तिसरी पिढी कुणाला सांगता येत नाही. दोन्ही बाजू काढा. माझ्या मामाच्या बाबतीत नेमकी तीच बाजू कामाची होती.

माहिती कुठून काढायची? आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडली ती आईच्या लग्नातली आहेराची वही. लाल पुठ्ठा, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं, आणि आत शाईने एकेक ओळ: ‘वडगावच्या आत्याचे दीर, 11 रुपये, टॉवेल-टोपी.’ आहेर लिहून घेणारा माणूस नातं अचूक लिहितो, कारण पुढे त्याच घरी तसाच आहेर परत करायचा असतो. त्या वहीतून आम्हाला दोन अशा घरांचा पत्ता लागला की ज्यांची नावं आजीच्याही लक्षात नव्हती.

त्याशिवाय जुने सातबारे आणि फेरफार काढा. फेरफाराच्या नोंदीत ‘अमुक मयत, वारस म्हणून मुले अमुक, विधवा अमुक’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, जुन्या मतदार याद्याही चालतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी यायचे. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांच्या वहीत असत आणि दारात उभं राहून ते ती म्हणून दाखवत. तुमच्या भावकीचा हेळवी अजून येत असेल तर त्याला बसवून घ्या, चहा द्या आणि सांगतो ते उतरवून घ्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडेही यजमानांच्या वह्या असतात. कुळाचं आणि गावाचं नाव सांगितलं की पणजोबा कधी येऊन गेले त्याची नोंद, कधी कधी त्यांच्या सहीसकट, सापडते.

वंशावळीत काहीही लपवू नका, हे मी फार कळकळीने सांगते. दत्तक गेलेला आणि दत्तक आलेला दोघेही लिहा. रीतसर दत्तक आलेलं मूल सख्ख्या मुलासारखंच वारस असतं, तर दत्तक गेलेल्याचा जन्मघरातला वारसा दत्तकाच्या दिवसापासून सुटतो. त्याआधी त्याच्या नावावर झालेलं मात्र त्याचंच राहतं. आजोबांनी पहिली बायको असताना दुसरं घर केलं असेल तर त्या घरची मुलंही मांडा. अशा लग्नातली दुसरी बायको वारस ठरत नाही, मुलं मात्र आई-वडिलांच्या मालमत्तेपुरती औरस धरली जातात. ही नावं गाळून केलेली वंशावळ पुढे प्रतिज्ञापत्रात गेली की ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं. आणि त्या मुलांचा त्यात काय दोष?

नातं लिहिताना शब्द सोडवून लिहा. ‘काका’ म्हणजे कोण? वडिलांचा भाऊ, मावशीचा नवरा, की शेजारचे? काही घरांत आत्याच्या नवऱ्यालाही मामा म्हणतात. ‘वहिनी’ मोठ्या भावाची बायको असते आणि चुलतभावाचीही. म्हणून ‘आईचा सख्खा धाकटा भाऊ’, ‘वडिलांच्या मयत थोरल्या भावाची बायको’ असं लिहा. सख्खा, सावत्र, चुलत, मावस, मामे, आते हे शब्द मराठीने आपल्याला आयते दिले आहेत. कुठल्याही फॉर्मवर ते बिनदिक्कत वापरा.

तिसरी पायरी: वारसांचं वर्तुळ

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या नावचं कुणाला जाईल, ते इथे ठरतं. धर्मानुसार कायदा बदलतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. अनुसूचित जमातींना तो सरसकट लागू नाही.

पुरुष गेला तर आधी पहिल्या वर्गातले वारस: मुलगे, मुली, विधवा आणि आई. मुलगा किंवा मुलगी आधीच गेली असेल तर तिच्या जागी तिची मुलं, आणि गेलेल्या मुलाची विधवाही. यांच्यातलं एक जरी माणूस असलं तरी पुढच्या वर्गाला काही मिळत नाही. समजा एक गृहस्थ गेले; मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि आई. पाच सारखे हिस्से. त्यांचे वडील हयात असले तरी त्यांना काही नाही, कारण आई पहिल्या वर्गात आहे आणि वडील दुसऱ्यात. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, मलाही बसला होता.

दुसऱ्या वर्गात पहिलं नाव वडिलांचं. त्यानंतरच्या ओळीत भाऊ आणि बहीण येतात. त्याच्या पुढच्या ओळींत भाचे-पुतणे. वरच्या ओळीतलं माणूस असेपर्यंत खालच्या ओळीला शून्य. म्हणून मामाची बहीण, म्हणजे माझी आई, हयात असती तर तिला निम्मा हिस्सा मिळाला असता. ती आधी गेली आणि तिचा भाऊ उरला. मग आम्ही बहिणी खालच्या ओळीतल्या, आणि आमच्यापर्यंत काही येण्याचं कारणच उरलं नाही. पहिल्या वर्गात गेलेल्या मुलीची जागा तिची मुलं घेतात, पण गेलेल्या बहिणीची जागा तिची मुलं घेत नाहीत. हा फरक पेनाने ठळक करून ठेवा.

बाईच्या नावची मालमत्ता वेगळ्या वाटेने जाते. आधी मुलगे, मुली आणि नवरा. ते कुणीच नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आई-वडील त्यानंतर. माहेरकडून वारसाने आलेली मालमत्ता असेल आणि मूल नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते, पण स्वतः कमावलेल्याला ही सवलत नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी राहून शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. मृत्युपत्र न करता ती गेली आणि तिची कमाई नवऱ्याच्या वारसांना मिळाली. एकट्या, विधवा, मूल नसलेल्या प्रत्येक नोकरदार बाईला मी हे सांगते आणि लगेच मृत्युपत्राचा कागद काढायला लावते.

मुलींचा हक्क अजून घरोघरी बुडतो. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केलं, 2005 मध्ये देशभर तो बदल झाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील 2005 मध्ये हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे असं स्पष्ट केलं. तरीही वारस नोंदीचा अर्ज भरताना ‘बहिणींची लग्नं झाली’ म्हणून नावं गाळली जातात. तसं करू नका. तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, सगळ्या वारसांची नावं द्या. बहिणीला खरोखर सोडायचं असेल तर ती नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. तो निर्णय तिचा आहे. माहेर तुटेल या भीतीने मान खाली घालून अंगठा उठवणाऱ्या बायका मी तलाठी कार्यालयाच्या बाकावर पाहिल्या आहेत.

मुस्लिम कायद्यात आई, वडील आणि जोडीदार यांना कुणीही पूर्ण वगळू शकत नाही. पण मुलगा हयात असेल तर आधी गेलेल्या दुसऱ्या मुलाची मुलं वारस होत नाहीत. ख्रिश्चन घरात मुलं असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. गोव्यात सगळ्या धर्मांना एकच वारसा कायदा आहे. तिथे सामाईक मालमत्तेतला निम्मा भाग जोडीदाराचाच, आणि मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

चौथी पायरी: बाकीची वर्तुळं तपासा

इथे प्रत्येक काम थोडक्यात सांगते. वंशावळीवर वेगवेगळ्या रंगाने खुणा करत जा.

नॉमिनी: लोक याला वारस समजतात. नॉमिनीचं काम बहुतेक ठिकाणी रक्कम स्वीकारून खऱ्या वारसांपर्यंत पोचवण्याचं असतं. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तसंच, आणि शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. प्रॉव्हिडंट फंडाची तऱ्हा आणखी वेगळी. कुटुंब असेल तर कुटुंबातल्याच माणसाला नॉमिनी करावं लागतं, आणि भाऊ-बहीण त्या ‘कुटुंबात’ येत नाहीत. लग्नाआधी भावाचं नाव दिलं असेल तर लग्न होताच ते नामांकन रद्द होतं. लग्नाच्या धामधुमीत हे कुणाच्याच डोक्यात नसतं.

दानपत्र: महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची विधवा यांना दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, नोंदणीचा आणि स्थानिक कराचा खर्च वेगळा. या यादीत भावंडं नाहीत, आई-वडीलही नाहीत.

अवयवदान: जिवंत माणसाने किडनी किंवा यकृताचा भाग द्यायचा असेल तर कायद्याने जवळचे म्हणजे जोडीदार, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, मामा, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कुणी नाही. त्यांना देता येतं, पण मान्यता देणाऱ्या समितीपुढे जाऊन, हे दान प्रेमापोटी आहे, पैशासाठी नाही, हे पटवावं लागतं. त्यात वेळ जातो. सासूला किडनी द्यायला सून तयार असेल तर दाता ठरताक्षणी कागद जमवायला लागा. एकत्र काढलेले जुने फोटो, एकाच पत्त्याची रेशनकार्डं, लग्नाचा दाखला, जे असेल ते.

जातपडताळणी: इथे फक्त वडिलांकडचं रक्ताचं नातं चालतं. वडील, काका, आत्या, चुलतभाऊ, आजोबा, चुलत आजोबा. यातल्या कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरंच सोपं होतं. पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. मुलगी बारावीत जाण्याआधीच काढा. जून-जुलैत प्रवेशाच्या रांगेत उभं राहून चुलत्याला फोन लावणं फार जिवावर येतं, त्यात चुलत्याशी जमिनीवरून बिनसलेलं असेल तर विचारूच नका.

सांभाळण्याची जबाबदारी: 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर निर्वाहाची जबाबदारी आहे. मूलबाळ नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्या पुतण्याच्या ताब्यात आहे किंवा वारसाने त्याला मिळणार आहे, त्याच्यावरही ती येते. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. धाकट्या मामाला हा कायदा दाखवावा असं मला मामाच्या शेवटच्या वर्षात फार वाटायचं. मामाच नको म्हणायचा.

लग्न जुळवताना: हिंदू विवाह कायद्यात आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतचे सपिंड, म्हणजे ज्यांच्यात आपसांत लग्न होऊ शकत नाही असे. रूढी असेल तर सूट आहे, आणि मामाची मुलगी करण्याची रूढी महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहेच.

पाचवी पायरी: वर्तुळाबाहेरची माणसं शोधा

आता वंशावळीकडे नीट पाहा. रात्री तीन वाजता फोन केला तर कोण धावत येतं? त्या नावांभोवती पेन्सिलने गोल करा. मग पाहा, गोल केलेल्यांपैकी किती जणांवर एकही रंगीत खूण नाही.

प्रत्येक घरात असं एक तरी नाव निघतं. पंचवीस वर्षं सासूची सेवा केलेली सून. नवरा हयात असेल तर ती सासूची वारस नाही. सावत्र मुलगा, ज्याला वडिलांच्या दुसऱ्या बायकोने पोटच्यासारखं वाढवलं. तिचा नवरा आधी गेला असेल तर तो नवऱ्याचा वारस म्हणून खालच्या क्रमाने येतो, मुलगा म्हणून नाही. राखी बांधून घेणारा मानलेला भाऊ. घरातच म्हातारी झालेली, कामाला आलेली मावशी. लग्न न करता वीस वर्षं सोबत राहिलेला जोडीदार. आणि भाची.

त्यांच्यासाठी चार कागद आहेत.

मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण म्हातारपणी केलेलं असेल तर नोंदणी जरूर करा. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा. ज्याला वगळता त्याचंही नाव लिहा आणि का वगळलं ते एका ओळीत शांतपणे लिहा. ‘माझ्या धाकट्या भावाची मला आठवण आहे, परंतु माझी देखभाल माझ्या मयत सख्ख्या बहिणीच्या मुलींनी केली असल्याने’ अशी एक ओळ मामाने लिहिली असती तर पुरे होतं. मुस्लिम व्यक्तीला वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत देता येतं, गोव्यात राखीव हिश्शाची मर्यादा आहे.

आगाऊ वैद्यकीय निर्देश, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष. आपण बोलू शकत नसू तेव्हा कृत्रिम उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे याबद्दल आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं यात देता येतात. बोलता येत असेल तोवर संमती रुग्णाची स्वतःचीच, हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवावं.

मानसिक आजाराच्या उपचारांसाठी 2017 च्या कायद्याने ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. साध्या कागदावर, आपल्या सहीने, आणि तो नातेवाईक असण्याची अट नाही.

चौथा कागद म्हणजे हयातीतच देऊन टाकणं. खात्यात दुसरं नाव लावणं, दागिना हातात देणं, दानपत्र. यात जपून चाला. राहतं घर कधीही पूर्ण देऊन टाकू नका. घर दिलं आणि आधार गेला अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत.

मोठी मालमत्ता, वाद किंवा दोन घरं असतील तर वकिलाला दाखवा. जाताना वंशावळ बरोबर न्या, निम्मा वेळ वाचतो.

सहावी पायरी: घरात बसून ठरवायचं ते

काही वर्तुळांना कायदा नाही. सुतक घ्या. भावकीला दहा दिवस, लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं तीन दिवस, असं सर्वसाधारण पाळतात, पण घराघरांत फरक आहे. मुलगी आईचं सगळं करते आणि तिला तीन दिवसांत मोकळं म्हणायचं, हे मला मान्य नाही. आमच्या घरात आम्ही बहिणींनी आईचे दहाही दिवस धरले. तुमच्या घरी काय, ते शांत असताना ठरवा. प्रेत दारात असताना कर्ता कोण यावर चर्चा नको.

पहिल्या दहा फोनांची यादी करा. प्रत्येकाने पुढे कुणाला सांगायचं तेही लिहा. थोरल्या आत्याला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून कळलं की ती आयुष्यभर विसरत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांशी बोलणारी माणसं दोनच ठेवा, एक स्थानिक आणि एक निर्णय घेणारा. बाकीच्यांना ते दोघे सांगतील. परदेशी असलेला मुलगा निर्णय घेणारा असेल तर तिथे किती वाजले असतील तेही शेजारी लिहून ठेवा. लहान मुलं असतील तर आपल्या दोघांनंतर ती कुणाकडे राहतील, ते मृत्युपत्रात लिहा. त्याआधी त्या माणसाला विचारा. गृहीत धरलेल्या काकूला तिच्या अडचणी असू शकतात.

कागद कधी बदलायचा

लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट, दत्तक, घरखरेदी, निवृत्ती. यातलं काहीही झालं की त्या महिन्यात वही काढा. सगळ्यात आधी नॉमिनींच्या नावांवरून बोट फिरवा आणि त्यातलं कुणी गेलेलं नाही ना ते पाहा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत, सातबारावर वारसाची खबर तीन महिन्यांत. बँकेच्या ठेवी आणि शेअर्ससाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून मिळतं, आणि आपल्याकडे ते अजून 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिलं जातं.

एक प्रत घरात, एक घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे. आमच्या घरची प्रत धान्याच्या कोठीवरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, आहेराच्या लाल वहीखाली. पेटी कुठे आहे ते माझ्या दोन्ही भाच्यांना माहीत आहे, आणि यंदाच्या कागदात त्यांची नावं आहेत.